आपला ताळा आपणच घेऊ या

(इयत्ता चौथी, गणिताचे पान)



या महिन्याच्या भित्तिपत्रकात गणिताचे पान माझ्याकडे आले आहे. लेख जरा मोठा झाला, चार कागद लागले. उभ्याने वाचताना कंटाळा येऊ नये म्हणून मध्ये मध्ये उदाहरणे घातली आहेत. जवळ पाटी किंवा वही असेल तर ती घेऊन उभे राहा. हा लेख नुसता वाचायचा नाही, करायचा आहे.

सुरुवातीला एक हिशेब मांडते. आमच्या चौथीत १९ मुले-मुली आहेत. त्याच खोलीत तिसरीही बसते. दोन्ही वर्गांना मिळून गुरुजी एकच. गुरुजी तिसरीला शिकवतात तेव्हा चौथीने उदाहरणे सोडवायची, असे ठरलेले आहे. एक उदाहरण झाले की प्रत्येकाने वही घेऊन टेबलाजवळ जायचे आणि विचारायचे, "गुरुजी, बरोबर आहे का?" एका मुलाला दोनच मिनिटे धरली तरी १९ × २ = ३८ मिनिटे होतात. तास आहे ३५ मिनिटांचा! म्हणजे गुरुजींनी तिसरीकडे एकदाही पाहिले नाही, तरी आमच्यातली दोन मुले रांगेतच राहणार. आणि हे झाले फक्त एका उदाहरणाचे.

काही मुले तर टेबलाजवळ जातच नाहीत. उत्तर चुकले तर बाकीचे हसतील, अशी त्यांना भीती वाटते. ती वही मिटून गप्प बसतात. मग त्यांचे चुकलेले तसेच राहते.

शिवाय आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढच्या जूनमध्ये आम्ही पाचवीला शेजारच्या गावी जाणार. तिथे हे गुरुजी नसतील. परीक्षेत तर कोणालाच विचारता येत नाही. दुकानात, दूध डेअरीवर, बाजार समितीतही गुरुजी बरोबर नसतात. मग आपले उत्तर बरोबर आहे हे आपल्याला कोण सांगणार?

उत्तर सांगते. आपले गणितच आपल्याला सांगते! फक्त त्याला विचारता आले पाहिजे. असे विचारण्यालाच ताळा घेणे म्हणतात. ताळा कोणाला हसत नाही, कोणावर रागावत नाही आणि त्याच्यापुढे रांगही लागत नाही. तो कसा घ्यायचा ते आता पाहू.

पहिली गोष्ट : आधी अंदाज

उदाहरण समोर आले की लगेच पेन्सिल चालवू नये. आधी मनात म्हणावे, "उत्तर साधारण किती येईल?"

समजा ३९८ + २०५ करायचे आहेत. ३९८ म्हणजे जवळजवळ ४००. २०५ म्हणजे जवळजवळ २००. तर उत्तर ६०० च्या आसपास यायला हवे. आता कोणी एककाची बेरीज १३ झाली म्हणून ते १३ तसेच खाली लिहिले, तर उत्तर येईल ५९१३. ज्याने अंदाज केलेला नाही तो खुशाल पुढच्या उदाहरणाकडे जाईल. ज्याने अंदाज केला आहे तो म्हणेल, "अरे, ६०० च्या जागी पाच हजार कसे आले?" तिथेच चूक सापडते.

पण अंदाज सगळ्याच चुका पकडत नाही. हातचा घ्यायचा राहिला तर उत्तर येते ५९३. ते ६०० च्या जवळच आहे. अंदाजाला वाटेल, बरोबर असेल. म्हणून दुसरी गोष्ट लागते.

दुसरी गोष्ट : आल्या वाटेने परत जा

आपण शेतात गेलो आणि त्याच वाटेने परत निघालो तर घरीच पोहोचतो. गणितातही असेच आहे. बेरजेची परतीची वाट वजाबाकी. गुणाकाराची परतीची वाट भागाकार.

आता ते ५९३ तपासू. ५९३ मधून २०५ वजा करा. उरले ३८८. पण आपण तर ३९८ वरून निघालो होतो! घर सापडले नाही, म्हणजे वाट चुकली. आता खरे उत्तर ६०३ घ्या. ६०३ − २०५ = ३९८. आलो घरी.

वजाबाकीचा ताळा बेरजेने घ्यावा. ५०३ − २७८ = २२५ आले. मग २२५ + २७८ करा. ५०३ आले, म्हणजे बरोबर.

भागाकाराचा ताळा तर सगळ्यांत पक्का. भाजकाला भागाकाराने गुणायचे आणि त्यात बाकी मिळवायची. भाज्य परत आलाच पाहिजे. १५७ ÷ ६ केले. भागाकार २६, बाकी १. आता २६ × ६ = १५६, त्यात १ मिळवला, झाले १५७. आणखी एक खूण लक्षात ठेवा. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते. ६ ने भागताना बाकी ७ उरली, तर अजून एक वाटा देता आला असता असा अर्थ होतो.

पाच-सहा संख्यांची उभी बेरीज असेल तर एकदा वरून खाली करावी आणि एकदा खालून वर करावी. दोन्ही वेळा तेच उत्तर आले पाहिजे. वरून करताना जिथे घसरलो, तिथेच खालून करताना पुन्हा घसरू, असे सहसा होत नाही.

तिसरी गोष्ट : नवाचा ताळा

हा ताळा गंमतीचा आहे. जुन्या माणसांना तो चांगला येतो. घरी आजोबांना विचारून पाहा.

यासाठी कोणत्याही संख्येतील अंकांची बेरीज करायची. बेरीज दोन अंकी आली तर पुन्हा बेरीज करायची. शेवटी एकच अंक ठेवायचा. ९ आला तर तो ० मानायचा.

आता ४७ × ३४ = १५९८ हे तपासू.

४७ : ४ + ७ = ११, १ + १ = २.
३४ : ३ + ४ = ७.
दोघांचा गुणाकार : २ × ७ = १४, १ + ४ = ५.
उत्तराचे अंक : १ + ५ + ९ + ८ = २३, २ + ३ = ५.

दोन्हीकडे ५ आले. ताळा जुळला. बेरजेचा ताळा घेताना गुणाकाराच्या जागी बेरीज करायची, एवढाच फरक.

पण असे का होते? नुसते पाठ करण्यात मजा नाही. चिंचोके घ्या म्हणजे समजेल. दहा चिंचोक्यांतून नऊ बाजूला काढा. एक उरला. म्हणजे प्रत्येक दहातून नऊ गेले की एक उरतो. शंभर चिंचोके घ्या. शंभरातून नव्याण्णव गेले की एक उरतो आणि नव्याण्णव म्हणजे नवाच्या अकरा ढिगाऱ्या. आता २४५ पाहा. २ शतकांतून उरले २, ४ दशकांतून उरले ४ आणि सुटे ५. झाले ११. त्यातून आणखी एक नऊ काढले, उरले २. आता २४५ ला ९ ने भागून पाहा. भागाकार २७, बाकी २! म्हणजे अंकांची बेरीज करणे म्हणजे नवाने भागून बाकी काढणेच आहे, पण भागाकार न करता. आहे की नाही युक्ती?

मात्र या ताळ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कोणी १५९८ ऐवजी अंकांची अदलाबदल करून १९५८ लिहिले तर अंक तेच, बेरीजही तीच. नवाचा ताळा म्हणेल, "बरोबर." अशा वेळी अंदाज कामाला येतो. ५० × ३४ = १७००. आपल्याकडे ४७ आहेत, ५० पेक्षा कमी. मग उत्तर १७०० पेक्षा जास्त कसे येईल? १९५८ पकडला गेला.

म्हणून एकच ताळा पुरे, असे समजू नये. शेतावर रात्री दोघे राखणीला असले तर एकाचा डोळा लागला तरी दुसरा जागा असतो. तसे दोन ताळे घ्यावेत.

चौथी गोष्ट : पाढा विसरला तर तयार करावा

पाढे पाठ असावेतच. पूर्वी गावोगावी मुले दिवेलागणीला परवचा म्हणत. त्यात नुसते पाढे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकीसुद्धा असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ती मोठी माणसे दीड किलोचा भाव अजून तोंडी सांगतात. २४ ची दीडपट सांगा म्हटले की २४ आणि त्याचे निम्मे १२, झाले ३६. बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ.

पण पाठ केलेली गोष्ट कधी कधी ऐन वेळी आठवत नाही. मग काय करायचे? शेजारच्याकडे बघायचे? नाही. पाढा आपणच तयार करायचा.

सतरा आठे किती? आठवत नसेल तर १७ फोडा. १७ म्हणजे १० आणि ७. दहा आठे ८०, सात आठे ५६. ८० आणि ५६ मिळून १३६.

एकोणीस सक किती? १९ हे २० ला एक कमी. वीस सक १२०. त्यातून एक सहा काढला, ११४.

२५ × १६ किती? १६ म्हणजे ४ वेळा ४. पंचवीस चोक १००. शंभर चोक ४००. कागद लागलाच नाही.

ज्याला संख्या फोडता येते त्याचा पाढा हरवत नाही. हरवला तरी तो पुन्हा शोधून आणतो.

पाचवी गोष्ट : उत्तर गोष्टीत परत घाला

शाब्दिक उदाहरण म्हणजे एक छोटी गोष्ट असते. काही मुले गोष्ट वाचतच नाहीत. फक्त शब्द शोधतात. "जास्त" दिसले की बेरीज, "उरले" दिसले की वजाबाकी. हे बघा :

"पहिल्या टोपलीत १५ पेरू आहेत. ते दुसऱ्या टोपलीतील पेरूंपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर दुसऱ्या टोपलीत पेरू किती?"

"जास्त" हा शब्द पाहून बेरीज केली तर २१ येतात. आता २१ गोष्टीत परत घालू. दुसऱ्या टोपलीत २१, पहिलीत १५. मग पहिलीत जास्त कुठे आहेत? गोष्ट मोडली! आता ९ घालून पाहू. दुसरीत ९, पहिलीत १५. १५ हे ९ पेक्षा ६ ने जास्त. गोष्ट जमली.

आणखी एक. "सहलीला ५० मुले जाणार आहेत. एका गाडीत ९ मुले बसतात. तर किती गाड्या लागतील?" भागाकार केला, ५ आले आणि बाकी ५. मग उत्तर ५ गाड्या लिहायचे का? उरलेली पाच मुले काय पायी येणार? ६ गाड्या सांगाव्या लागतील. इथे भागाकार बरोबर आहे, पण गोष्टीत घातल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

मुलगा ९ वर्षांचा, आईचे वय त्याच्या चौपट, आणि उत्तर जर सव्वादोन वर्षे आले तर? आई मुलापेक्षा लहान! असे उत्तर वहीत लिहिण्याआधी आपले आपल्यालाच हसू आले पाहिजे.

सहावी गोष्ट : अडले तर काय करावे

सगळी उदाहरणे सगळ्यांना लगेच सुटत नाहीत. अडले की आपण लगेच म्हणतो, "गुरुजी, येत नाही." त्याआधी एवढे करून पाहावे :

१. उदाहरण दोनदा वाचावे. दुसऱ्या वेळी हळू वाचावे.
२. पुस्तक मिटून गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. काय दिले आहे? काय विचारले आहे?
३. चित्र काढावे. सुबक नको. टोपलीसाठी गोल आणि पेरूसाठी टिंब पुरते.
४. मोठ्या संख्यांच्या जागी लहान संख्या घालून पाहाव्यात. ८४५ पोती आणि ५ ट्रक असतील तर आधी १० पोती आणि ५ ट्रक घ्यावेत. काय करायचे ते कळले की मग मोठ्या संख्या घ्याव्यात.
५. पुस्तकात सोडवून दाखवलेले तसलेच उदाहरण शोधावे.
६. जोडीदाराला विचारावे. पण उत्तर विचारू नये, वाट विचारावी.

एवढे करूनही अडले तर गुरुजींकडे जरूर जावे. न विचारता बसून राहणे यात काही शहाणपण नाही. मात्र "काहीच येत नाही" असे न म्हणता "इथपर्यंत जमले, ही पायरी कळत नाही" असे म्हणावे. गाडी बंद पडली की मेकॅनिकला "टायर पंक्चर आहे" असे सांगितले तर काम लवकर होते. "गाडी बिघडली" म्हटले तर तो आधी सगळी गाडी तपासत बसतो.

जोडीदारानेही एक नियम पाळावा. विचारणाऱ्याच्या हातातली पेन्सिल आपण घ्यायची नाही. पेन्सिल ज्याची, उदाहरण त्याचे.

दोघांची उत्तरे वेगळी आली तर भांडू नये. दोन्ही वह्या शेजारी ठेवून पायरी-पायरी पाहत जावे. जिथे दोन वाटा वेगळ्या झाल्या तिथे बोट ठेवावे. चूक बहुतेक तिथेच सापडते. आणि चुकलेले उदाहरण रबराने खोडून टाकू नये. त्यावर एक तिरकी रेघ मारून शेजारी पुन्हा सोडवावे. खोडले की कुठे चुकले तेही पुसले जाते.

देवळालीच्या गणित शिक्षकांचा खेळ

आता एक खरी गोष्ट सांगते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आपल्या नाशिक जिल्ह्यात देवळालीला शाळेत शिक्षक होते. ते मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. पण त्यांना संख्यांशी खेळायचा फार नाद होता. १९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येची एक जादू सापडली. पुढे १९७५ साली अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते वारले. पण ६१७४ ला अजूनही कापरेकर स्थिरांक म्हणतात.

खेळ असा आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत, म्हणजे ३३३३ अशी नको. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी संख्या तयार करा आणि लहानात लहान संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. ० आला तर तो सोडू नका, तोही अंकच आहे.

आपण १९४७ घेऊ. भारत स्वतंत्र झाला ते साल.

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आली ६१७४! आता पुढे चालू ठेवा. ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा तीच. ती जागची हलतच नाही.

कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. मग विचार करा, हा नुसता खेळ आहे का? नाही. हा आपला तपासनीससुद्धा आहे! हातच्याच्या वजाबाकीचा सराव करायचा असेल तर कोणी उदाहरणे घालून द्यायची गरज नाही. आपल्या जन्माचे साल घ्या, गाडीचा नंबर घ्या. सात पायऱ्यांत ६१७४ आली नाही तर कुठेतरी वजाबाकी चुकली आहे.

कोणती पायरी चुकली हे शोधायलाही ताळा आहे. प्रत्येक पायरीच्या उत्तराच्या अंकांची बेरीज करून पाहा. ८२६२ : ८ + २ + ६ + २ = १८. ६३५४ : १८. ३०८७ : १८. प्रत्येक वेळी ९ च्या पाढ्यातलीच संख्या येते. का येते? मोठी आणि लहान संख्या त्याच चार अंकांची असते. म्हणून दोन्हींतून नऊ-नऊ काढले की सारखेच उरते. सारख्यातून सारखे गेले, राहिले शून्य. ज्या पायरीवर बेरीज ९, १८ किंवा २७ येणार नाही, त्या पायरीवर नक्की चूक आहे. बघा, मघाचा नवाचा ताळा इथे पुन्हा भेटला.

पालकांसाठी चार ओळी

आई-बाबा, आजी-आजोबा, तुमच्यापैकी काही जण म्हणतात, "आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय गणित शिकवणार?" पण आम्हाला शिकवायला नको आहे. फक्त विचारायला हवे आहे. माझी आजी शाळेत गेलेली नाही. तिला अंक लिहिता येत नाहीत. पण मी अभ्यासाला बसले की ती शेंगा फोडता फोडता विचारते, "कसं काढलं गं, सांग बरं मला." मग तिला समजेल असे सांगावे लागते. तिला समजले की मलाही जास्त समजलेले असते.

उत्तर चुकलेले दिसले तर लगेच खरे उत्तर सांगू नका. "पुन्हा एकदा ताळा घे" एवढेच म्हणा. थोडा वेळ लागेल, पण चूक आमची आम्हाला सापडेल. जी चूक आपली आपण शोधली, ती सहसा पुन्हा होत नाही.

मोबाईलमध्ये गणकयंत्र असते. ते आम्हाला आधी देऊ नका, शेवटी द्या. आम्ही अंदाज केला, उदाहरण सोडवले, ताळा घेतला, की मग मोबाईलवर जुळवून पाहू. मोबाईलवरही एखादे शून्य जास्त दाबले जाते. तेव्हा ज्याने अंदाज केलेला असेल त्यालाच ते कळते.

आणि घरातले हिशेब आमच्यापासून लपवू नका. कांद्याची पट्टी आली की आम्हालाही दाखवा. समजा १८ क्विंटल ४० किलो कांदा भरला आणि भाव क्विंटलला १२५० रुपये मिळाला. तर १८ क्विंटलचे १८ × १२५० = २२,५०० रुपये. १० किलोचे १२५ रुपये, म्हणून ४० किलोचे ५०० रुपये. एकूण २३,००० रुपये. त्यातून हमाली, तोलाई जाऊन हातात किती आले, हे चौथीच्या मुलाला नक्की काढता येते. अंदाजही घेता येतो. २० क्विंटल असते तर २५,००० झाले असते. आपला माल थोडा कमी आहे, म्हणून २३,००० पटतात. वर्षभराच्या कष्टाचे पैसे एका कागदाच्या पट्टीवर येतात. त्या पट्टीचा ताळा घरातल्या कोणाला तरी घेता आलाच पाहिजे.

करून पाहा

१. १९६० हे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले ते साल. यावर कापरेकरांचा खेळ करा. पूर्ण सात पायऱ्या लागतात.
२. ५८ × २३ चा आधी अंदाज करा, मग गुणाकार करा, मग नवाचा ताळा घ्या.
३. ८४५ पोती ५ ट्रकांत सारखी भरली. एका ट्रकात किती? ताळा गुणाकाराने घ्या.
४. १८ चा पाढा पाठ नसेल तर १० आणि ८ च्या पाढ्यांवरून तयार करा. तयार झाल्यावर २० च्या पाढ्यावरूनही करून पाहा. दोन्ही पाढे जुळतात का?
५. सीताकडे ३६ बोरे आहेत. ती गीताच्या बोरांच्या तिप्पट आहेत. गीताकडे किती? उत्तर गोष्टीत परत घालून पाहा.

या पाच उदाहरणांची उत्तरे मी खाली दिलेली नाहीत. पान उलटून पाहू नका, मागे भिंत आहे! तुमचे उत्तर बरोबर आहे की नाही, हे आता तुम्हीच मला सांगायचे. पण नुसते उत्तर सांगू नका, ताळासुद्धा दाखवा.